फ्लोरिडाचा कायदा नेमका काय? परदेशी विद्यार्थ्यांची ‘असिस्टंटशिप’ अमेरिकेतली राज्यं का अडवतायत – सविस्तर माहिती

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने २०२३ साली एक कायदा केला. सात ठरावीक देशांतून आलेल्या विद्यार्थ्याला राज्याच्या सरकारी विद्यापीठात पगारी काम आणि त्यासोबतची फी-माफी द्यायची असेल, तर आधी राज्याच्या वरच्या मंडळाची मंजुरी घ्यावी लागेल, असा त्याचा अर्थ निघाला. कारण दिलं सुरक्षेचं. चीन आपली पोरं पाठवून आमचं संशोधन पळवतो, असं तिथल्या सरकारचं म्हणणं.

त्या सात देशांत भारत नाही. तरी हा विषय आपल्या तालुक्यातल्या घरांपर्यंत येतो, कारण अमेरिकेत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत आता सगळ्यात जास्त संख्या आपल्याच पोरांची आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात तिथे ३ लाख ६३ हजार भारतीय विद्यार्थी होते आणि चीनचे २ लाख ६६ हजारांच्या आसपास. त्याआधी बरीच वर्षं चीन पहिला होता. यातली सगळी पोरं पुण्या-मुंबईची नाहीत. कुणाचा बाप कारखान्यावर आहे, कुणाचं घर गहाण आहे, कुणी वावर विकून पहिल्या वर्षाची फी भरलेली आहे. शिवाय फ्लोरिडाचा एक आधीचा कायदा आहे, २०२१ चा. त्याची चर्चा कमी झाली, पण तो भारतीय विद्यार्थ्यालाही लागू पडतो. त्याचं पुढे येईलच.

असिस्टंटशिप म्हणजे काय?

आपल्याकडे शिष्यवृत्ती म्हटलं की महाडीबीटीवर अर्ज करायचा, कागद जोडायचे आणि खात्यावर पैसे कधी पडतात ते बघत बसायचं. अमेरिकेत एमएस किंवा पीएचडीला जाणाऱ्याला मिळणारी मदत बऱ्याचदा वेगळ्या प्रकारची असते. आपल्या कॉलेजांत कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने ‘कमवा आणि शिका’ योजना चालते, तिचाच मोठा अवतार समजा. विद्यार्थी प्राध्यापकाच्या हाताखाली काम करतो. कधी खालच्या वर्गांना शिकवायचं आणि पेपर तपासायचे, कधी प्रयोगशाळेत संशोधनाचं काम. सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास, कारण विद्यार्थी व्हिसावर तेवढीच मुभा आहे. बदल्यात महिन्याला पगार आणि बहुतेक ठिकाणी फी माफ.

एमएसला जाणारी जास्त पोरं स्वतःच्या किंवा कर्जाच्या पैशावरच जातात. पीएचडीला मात्र असिस्टंटशिपशिवाय सर्वसाधारण घरातल्या मुलाचं गणितच जुळत नाही. फ्लोरिडाविरुद्ध कोर्टात गेलेल्या एका चिनी विद्यार्थ्याची असिस्टंटशिप वर्षाला साधारण २७ हजार डॉलरची होती. आपल्या रुपयात चोवीस लाखांच्या आसपास. ती गेली म्हणजे फक्त खर्चाचे पैसे गेले असं होत नाही, फीसुद्धा अंगावर येते.

मुद्दा असा की असिस्टंटशिपला लोक शिष्यवृत्ती म्हणतात, पण कागदावर तो कामाचा करार असतो. फ्लोरिडाच्या कायद्याने नेमका ‘करार’ हा शब्द धरला. देणगी, अनुदान, भागीदारी, करार, सगळं एकाच जाळ्यात आलं आणि त्यात विद्यार्थ्याचं नेमणूकपत्रही सापडलं.

दोन कायदे, दोन वर्षं

सुरुवात झाली ती एका कर्करोग रुग्णालयापासून. फ्लोरिडातल्या टँपा शहरात मॉफिट नावाचं मोठं कॅन्सर केंद्र आहे. डिसेंबर २०१९ मध्ये त्याच्या प्रमुखासह काही वरिष्ठांना आणि संशोधकांना पद सोडावं लागलं. चीन सरकारची परदेशातले हुशार लोक ओढून नेण्याची ‘थाउजंड टॅलेंट्स’ नावाची योजना होती. तिच्याशी असलेले संबंध या लोकांनी संस्थेला नीट सांगितले नव्हते. राज्याच्या विधिमंडळाने चौकशी लावली आणि त्यातून जून २०२१ मध्ये पहिला कायदा आला.

त्या कायद्याने विद्यापीठांना सांगितलं की परदेशातून ५० हजार डॉलर किंवा त्याहून मोठी देणगी आली तर सरकारला कळवा. त्याचबरोबर ज्या संस्थेचं संशोधनाचं बजेट वर्षाला १ कोटी डॉलर किंवा जास्त आहे, तिने संशोधनाच्या जागेवर परदेशी नागरिक घेताना त्याची छाननी करावी. यात विद्यार्थीही आले. इथे सात देशांचीच अट नाही. अमेरिकेचा नागरिक नाही आणि ग्रीन कार्डही नाही, अशा कुणाचीही छाननी. म्हणजे आपल्याकडचा कृषी पदवीधर फ्लोरिडातल्या मोठ्या सरकारी विद्यापीठात संशोधन सहायक म्हणून अर्ज करत असेल, तर तोही यात बसतो. पासपोर्टची पूर्ण प्रत, व्हिसासाठी भरलेल्या डीएस-१६० अर्जाची प्रत, बारावीनंतर कुठे कुठे शिकला, अठराव्या वर्षापासून कुठे कुठे नोकरी केली, काय छापून आलं, पैसे कुणाकडून मिळतात, हे सगळं द्यावं लागतं. हा कायदा बंदी घालत नाही. पण माहिती लपली किंवा जुळली नाही तर ती जागा हातची जाऊ शकते.

दुसरा कायदा ८ मे २०२३ रोजी राज्यपाल रॉन डिसँटिस यांनी सही करून आणला आणि १ जुलै २०२३ पासून लागू झाला. त्याला एसबी ८४६ म्हणतात. चीन, रशिया, इराण, उत्तर कोरिया, क्युबा, सीरिया आणि तेव्हा मादुरो यांची राजवट असलेला व्हेनेझुएला, हे त्यातले ‘चिंतेचे देश’. राज्यातली १२ सरकारी विद्यापीठं आणि २८ सरकारी कॉलेजं यांनी या देशांच्या सरकारशी, संस्थांशी किंवा तिथे डोमिसाइल असलेल्या माणसाशी करार करायचा नाही. करायचाच असेल तर तो संस्थेला आणि विद्यार्थ्यांना उपयोगी आहे आणि अमेरिकेच्या सुरक्षेला घातक नाही, हे वरच्या मंडळाला पटवून द्यायचं. अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असेल तर त्याला सूट.

डोमिसाइल हा शब्द आपल्याला नवा नाही. सेतू केंद्रात जाऊन आपण तोच दाखला काढतो. आपल्याकडे त्याने सीट मिळते, तिकडे त्याने सीट अडली, एवढाच फरक. माणूस कोण आहे, काय शिकतो, काय करतो यापेक्षा त्याचं कायमचं घर कुठे आहे, यावर कायदा चालतो. या कायद्यातली सगळ्यात लंगडी बाजू हीच. अणुविज्ञान शिकणारा आणि टोमॅटोच्या बाजारभावावर अभ्यास करणारा, दोघांना एकच माप.

खाजगी विद्यापीठाला कराराची ही अट लागू नाही. मात्र त्याच कायद्याने खाजगी शाळांनाही हात घातला. ‘चिंतेच्या देशां’शी मालकीचा संबंध असलेल्या शाळेला राज्याच्या शिष्यवृत्तीचे पैसे मिळणार नाहीत, अशी तरतूद त्यात आहे आणि सप्टेंबर २०२३ मध्ये चार शाळांची शिष्यवृत्ती त्यावरून थांबवली गेली. तिथे शिकणारी मुलं स्थानिक अमेरिकनच होती.

भीती अगदीच खोटी आहे का?

नाही. ती कुठून आली हे बघायला शेतातच जावं लागेल.

अमेरिकेचं आयोवा राज्य म्हणजे मक्याचं आगर. मे २०११ मध्ये तिथल्या एका बियाणे कंपनीच्या प्लॉटमध्ये एक माणूस गुडघ्यावर बसून नुकतंच पेरलेलं बी उकरताना कंपनीच्या माणसाला दिसला. तो मका खायचा नव्हता. संकरित वाण तयार करायला जे नर-मादीचं मूळ बियाणं लागतं, ते त्या जमिनीत होतं. जालना-बुलढाण्याकडे बीजोत्पादनाचे प्लॉट घेणाऱ्यांना त्याची किंमत वेगळी सांगायला नको. एक शुद्ध वाण तयार करायला कंपनीची कित्येक वर्षं आणि कोट्यवधी डॉलर जातात, आणि ते चोरायला एक मूठ पुरते. तपासात निघालं की हे बियाणं मका-लाह्यांच्या खोक्यांत लपवून चीनला पाठवायचा प्रयत्न झाला. मो हायलाँग हा तो माणूस, एका चिनी कृषी कंपनीसाठी काम करणारा. त्याने २०१६ मध्ये गुन्हा कबूल केला आणि त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. आता गंमत बघा, त्याच्याकडे ग्रीन कार्ड होतं. म्हणजे फ्लोरिडाच्या कायद्यातून तो सुटलाच असता.

विद्यार्थी म्हणून आलेल्याचंही उदाहरण आहे. शिकागोत इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकायला २०१३ मध्ये आलेला एक चिनी तरुण तिथल्या गुप्तहेर खात्यासाठी माणसांची माहिती गोळा करत होता, असं कोर्टात सिद्ध झालं. जानेवारी २०२३ मध्ये त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. जून २०२५ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या एका चिनी संशोधक बाईवर आणि तिच्या मित्रावर गव्हाच्या ओंबीला रोग आणणारी बुरशी विनापरवाना देशात आणल्याचा गुन्हा नोंदवला गेला. ती बुरशी अमेरिकेच्या शेतांत आधीपासून आहेच, पण परवानगीशिवाय आणणं हा गुन्हाच.

चीनने स्वतःही संशयाला जागा दिली. २०१७ च्या त्यांच्या गुप्तचर कायद्यात प्रत्येक नागरिकाने आणि संस्थेने सरकारी गुप्तचर कामाला मदत करावी असं लिहिलेलं आहे. चीन सरकारच्या ‘चायना स्कॉलरशिप कौन्सिल’ची शिष्यवृत्ती घेणाऱ्याला शिक्षण झाल्यावर परत जाऊन दोन वर्षं देशात राहावं लागतं आणि घरच्या माणसांना जामीन ठेवावं लागतं. जर्मनीत एर्लांगेन-न्यूर्नबर्ग इथल्या विद्यापीठाने याच कारणाने जून २०२३ पासून फक्त या शिष्यवृत्तीवर येणारे विद्यार्थी घेणं बंद केलं.

पण नुसता बाँड असणं म्हणजे हेरगिरी होत नाही, हेही ध्यानात घ्यावं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनीही लिहून दिला होता. आपला पैसा घालून शिकवलेला माणूस परत यावा असं कुठल्याही सरकारला वाटणारच.

संशयाची किंमत

अमेरिकेच्या केंद्र सरकारने २०१८ मध्ये ‘चायना इनिशिएटिव्ह’ नावाने मोहीम काढली. विद्यापीठांतले चोर पकडायचे, हा हेतू. काही जण दोषी ठरले, त्यात हार्वर्डचे गोरे प्राध्यापक चार्ल्स लीबर होते. बऱ्याच खटल्यांत मात्र काही निघालं नाही. एमआयटीचे प्राध्यापक गँग चेन यांच्यावर जानेवारी २०२१ मध्ये गुन्हा दाखल झाला आणि बरोबर वर्षाने सरकारनेच तो मागे घेतला. फेब्रुवारी २०२२ मध्ये ही मोहीमच गुंडाळली. तोवर कितीतरी चिनी वंशाच्या संशोधकांनी अमेरिकेत काम करण्याचा धसका घेतला होता.

फ्लोरिडात मार्च २०२४ मध्ये तिघे जण कोर्टात गेले. दोन चिनी विद्यार्थी, दोघेही मायामीतल्या फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठात पीएचडीला. दोघांनाही असिस्टंटशिपचं पत्र मिळालेलं होतं आणि नव्या कायद्यामुळे ते परत घेतलं गेलं. अमेरिकेच्या केंद्र सरकारने व्हिसा दिला, विद्यापीठाने प्रवेश दिला, प्राध्यापक काम द्यायला तयार, आणि राज्य म्हणतं थांबा. तिसरा अर्जदार युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडातला कृषी अर्थशास्त्राचा प्राध्यापक. त्याला त्याच्या कामासाठी सगळ्यात योग्य वाटलेला उमेदवार चिनी होता आणि त्याची नेमणूक मंजुरीत अडकली. शेतीचं संशोधन हंगामावर चालतं. फाईल वरून खाली यायला सहा महिने लागले तर पीक निघून गेलेलं असतं, हे आपल्या कृषी खात्याचा अनुभव असलेल्याला कळेल.

विद्यापीठांतल्या अनेक प्राध्यापकांनीही सह्या करून विरोध केला. त्यांचं म्हणणं साधं होतं: चांगले विद्यार्थी शेजारच्या राज्यात जातील आणि आमच्या प्रयोगशाळा रिकाम्या राहतील.

कोर्टाने काय केलं?

भारतात नागरिकत्व, परदेशी माणसं, पासपोर्ट-व्हिसा हे विषय केंद्राच्या यादीत आहेत. महाराष्ट्र सरकार उद्या म्हणालं की अमुक देशाच्या माणसाला आम्ही येऊ देणार नाही, तर ते चालणार नाही. अमेरिकेतही तसंच आहे. कुणाला देशात घ्यायचं आणि तो आल्यावर काय करू शकतो, हे ठरवायचा हक्क वॉशिंग्टनचा. राज्याने त्यात स्वतःची पाचर मारायची नाही.

यावर तिथल्या कोर्टांचे जुने निकाल आहेत. न्यूयॉर्क राज्याचा एक नियम होता की राज्याची शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्ज अमेरिकन नागरिकांना आणि नागरिक व्हायला तयार असलेल्यांनाच द्यायचं. तिथे कायमचे राहणारे, कर भरणारे एक फ्रेंच आणि एक कॅनेडियन नागरिक कोर्टात गेले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो नियम रद्द केला. त्यानंतर इराणमध्ये अमेरिकन दूतावासातल्या लोकांना ओलीस धरलं गेलं, तेव्हा अमेरिकेत इराणी विद्यार्थ्यांवर राग निघाला. न्यू मेक्सिको स्टेट विद्यापीठाच्या कारभाऱ्यांनी ठराव केला की ज्या देशाने आमची माणसं ओलीस ठेवलीत त्या देशाचे विद्यार्थी आम्ही घेणार नाही. १९८० मध्ये तिथल्या केंद्रीय कोर्टाने तो ठराव उडवला. परराष्ट्र धोरण चालवणं हे विद्यापीठाचं काम नाही, असा त्याचा मतितार्थ.

फ्लोरिडाच्या प्रकरणातही तेच झालं. मार्च २०२५ मध्ये मायामीच्या केंद्रीय न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या नेमणुकीशी संबंधित भागाला अंतरिम मनाई दिली. केंद्राने ज्याला येऊन शिकायची आणि काम करायची परवानगी दिली, त्याच्यावर राज्याने आणखी बंधनं घालणं केंद्राच्या कायद्याशी विसंगत दिसतं, हा त्यामागचा आधार. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे हा स्थगिती-आदेश आहे, अंतिम निकाल नाही. पूर्ण कायदाही रद्द झालेला नाही. चिनी विद्यापीठांशी करार, देणग्या वगैरेवरची बंधनं वेगळी.

राज्याला जे जमत नाही ते केंद्र करू शकतं, हेही तितकंच खरं. मे २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी चिनी लष्कराशी संबंध असलेल्या संस्थांतून येणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना बंदी घातली, ती पुढे बायडेन यांच्या काळातही चालू राहिली. इराणच्या ज्या विद्यार्थ्यांना अणुविज्ञान किंवा इराणच्या तेल-ऊर्जा क्षेत्रासाठी शिकायचंय, त्यांना व्हिसा देऊ नये असा अमेरिकेचा कायदा २०१२ पासून आहे. मे २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्री मार्को रुबिओ म्हणाले की चिनी विद्यार्थ्यांचे व्हिसा जोरात रद्द करू. ऑगस्टमध्ये ट्रम्प म्हणाले की सहा लाख चिनी विद्यार्थी येऊ देऊ. धोरण असं वाऱ्याबरोबर फिरतं आणि विद्यार्थ्याचा पीएचडीचा काळ असतो पाच वर्षांचा.

बाकी राज्यं

ओहायोने मार्च २०२५ मध्ये केलेल्या उच्च शिक्षण कायद्यात सरकारी विद्यापीठांना चीनकडून देणगी घ्यायला बंदी केली. टेक्ससने त्याच वर्षी चीन, रशिया, इराण आणि उत्तर कोरियाच्या लोकांच्या जमीन-मालमत्ता खरेदीवर बंधनं आणली, ती १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाली. जमिनीबाबत असाच कायदा फ्लोरिडानेही २०२३ मध्ये केला होता.

अलीकडे मात्र वारं थोडं वेगळ्या दिशेने वळलंय, आणि ते आपल्याकडच्या लोकांना जास्त लागणारं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिसँटिस यांनी राज्याच्या विद्यापीठांना एच-वन-बी व्हिसावर परदेशी माणसं नेमणं थांबवा असं सांगितलं. जानेवारी २०२६ मध्ये टेक्ससच्या राज्यपालांनी सरकारी खात्यांत आणि सरकारी विद्यापीठांत नव्या एच-वन-बी अर्जांना रोख लावली. इथे कारण सुरक्षेचं कमी आणि स्थानिकांच्या नोकऱ्यांचं जास्त आहे. कुठल्याही देशाचं नाव घेतलेलं नाही. पण एच-वन-बी घेणाऱ्यांत साधारण सत्तर टक्के भारतीय असतात, त्यामुळे नाव घ्यायची गरजही नाही.

आपल्याला हा संशय नवा नाही

वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत गेले आणि ऑरेगॉन व वॉशिंग्टन राज्यांत शेतीशास्त्र शिकले. पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे तिकडे इंजिनिअरिंग शिकायला गेले होते. दोघेही गदर चळवळीत उतरले. त्या काळात अमेरिकेतल्या हिंदी विद्यार्थ्यांवर इंग्रज सरकारचे हेर पाळत ठेवून असत. पिंगळ्यांना १९१५ मध्ये लाहोरला फाशी झाली. खानखोजे मेक्सिकोत गेले आणि तिथल्या चापिंगोच्या कृषी शाळेत मक्यावर काम करून नावाजले गेले. इंग्रजांच्या दप्तरात ते धोका होते, आपल्या पुस्तकात ते क्रांतिकारक आहेत.

आजही भारत स्वतः असे नियम करतोच. एप्रिल २०२२ मध्ये यूजीसी आणि एआयसीटीईने जाहीर केलं की पाकिस्तानात जाऊन उच्च शिक्षण घेऊ नका, तिथली पदवी इथे नोकरीला किंवा पुढच्या शिक्षणाला धरली जाणार नाही. २०२० मध्ये गलवाननंतर केंद्राने चिनी भाषा शिकवणाऱ्या कन्फ्युशियस केंद्रांची तपासणी लावली, त्यात मुंबई विद्यापीठाचंही केंद्र होतं. काश्मीरचा मुलगा पाकिस्तानात एमबीबीएस करून आला की त्याच्या पुढे जी अडचण उभी राहते, ती मायामीतल्या चिनी मुलाच्या अडचणीची सख्खी बहीण आहे.

तिकडे जाणाऱ्या पोरांनी आणि घरच्यांनी काय बघावं?

आधी विद्यापीठ सरकारी आहे की खाजगी ते बघा. राज्याचे असे कायदे बहुधा सरकारी विद्यापीठांना लागू असतात. नावात ‘स्टेट’ आहे की नाही यावर जाऊ नका. युनिव्हर्सिटी ऑफ फ्लोरिडा सरकारी आहे आणि युनिव्हर्सिटी ऑफ मायामी खाजगी.

असिस्टंटशिपचं पत्र आलं तर ते पूर्ण वाचा. किती सत्रांसाठी आहे, फी पूर्ण माफ आहे की अर्धी, विमा धरलाय का, आणि ‘छाननी पूर्ण झाल्यास’ किंवा ‘निधी उपलब्ध असल्यास’ अशी ओळ आहे का. अशी ओळ असेल तर ते पत्र म्हणजे अजून हातात न आलेलं पीक आहे. विभागाच्या कार्यालयाला ईमेल करून छाननी झाली का, किती दिवस लागतात, हे सरळ विचारता येतं. त्यात कुणी रागावत नाही. अमेरिकेतली बहुतेक मोठी विद्यापीठं असा संकेत पाळतात की आर्थिक मदतीच्या प्रस्तावावर १५ एप्रिलपर्यंत विद्यार्थ्यावर होकाराची सक्ती करायची नाही. घाई करणारा एजंट असेल तर ही तारीख त्याला दाखवा.

कागद जुळवून ठेवा. बारावीनंतर मध्ये एक वर्ष शेती केली, सहा महिने कंपनीत काम केलं, डिप्लोमा अर्धवट सोडला, जे असेल ते लिहा. डीएस-१६० मध्ये एक, विद्यापीठाला दिलेल्या माहितीत दुसरं आणि लिंक्डइनवर तिसरं असं झालं की छाननीत प्रश्न येतो. एजंटने परस्पर फॉर्म भरला असेल तर त्याची प्रत मागून घ्या.

अणुविज्ञान, रॉकेट-विमान, रोबोटिक्स, जैवतंत्रज्ञान असे विषय असतील तर मुलाखत चांगली होऊनही व्हिसा काही आठवडे जादा तपासणीत अडकू शकतो. हे भारतीयांच्याही बाबतीत होतं. विमानाचं तिकीट त्याआधी काढू नये. ब्रिटनला जाणाऱ्यांसाठी आणखी एक: तिथे काही संवेदनशील विषयांत पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं असेल तर भारतीय विद्यार्थ्याला व्हिसाआधी ‘एटास’ नावाचं प्रमाणपत्र लागतं. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थ्यांना ते लागत नाही, आपल्याला लागतं. त्याला फी नाही, वेळ मात्र जातो.

राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती किंवा केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती मिळाली असेल, तर तो पैसा इथून जातो. फ्लोरिडाच्या बंदीचा त्याच्याशी संबंध नाही. पण त्याच मुलाने तिकडे जाऊन प्रयोगशाळेत पगारी काम घ्यायचं ठरवलं, तर शिष्यवृत्तीच्या अटी आणि राज्याची छाननी दोन्ही बघावं लागेल.

आणि कर्ज. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात आणि शेतजमीन बऱ्याच बँका तारण धरत नाहीत, कारण वसुलीच्या कायद्यात शेतजमीन बसत नाही. मग गावातलं घर, प्लॉट किंवा नातेवाईकाचा फ्लॅट गहाण पडतो. ‘पहिल्या सत्रानंतर असिस्टंटशिप मिळेल’ या भरवशावर हिशेब मांडलेला असेल, तर ती मिळाली नाही तर दुसऱ्या सत्राची फी कुठून येणार, हे बँकेच्या कागदावर सही करण्याआधी घरात बसून लिहून काढावं. अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला बाहेर दुकानात किंवा पेट्रोल पंपावर काम करून फी भरता येत नाही. तसं करताना सापडला तर व्हिसा जातो, आणि कर्ज इथेच राहतं.